दाजींचं बिनचूक दार

माझे दाजी चहा प्यायला बसले की कपाचा कान टेबलाच्या कडेला समांतर करतात. मग मान तिरकी करून बघतात, पुन्हा जरासा फिरवतात, आणि तोवर चहावर साय धरलेली असते. ताई तो कप उचलते, चहा गरम करून आणते आणि एक चकार शब्द बोलत नाही. मी ताई नाही. मी शालन, तिची धाकटी बहीण. देहूरोडला राहते, कंपनीतल्या पोरांना डबे करून घालते, आणि माझ्या तोंडाला कुलूप लावणारा अजून जन्मायचाय.

दाजींचं नाव जयसिंग. बार्शीकडच्या खेड्यातून आयटीआय करून इकडं आले आणि भोसरीच्या एका कारखान्यात चिकटले ते रिटायर होऊनच बाहेर पडले. निम्म्याहून जास्त नोकरी त्यांनी मोजमापाच्या खोलीत काढली. त्या खोलीला बारा महिने एसी, चपला बाहेर काढायच्या, आत मोठ्यानं बोलायचं नाही. मशीनवर तयार झालेला लोखंडी पार्ट तिथं आणायचा, थंड होऊ द्यायचा, मग दाजी तो मोजणार. केसाएवढा फरक निघाला की लाल स्टिकर. रिजेक्ट. त्या कामाला मी नावं ठेवणार नाही. त्या पार्टवर गाड्या पळतात, गाडीत माणसं असतात, तिथं असाच माणूस पाहिजे. पण ती खोली ते डोक्यात घेऊन घरी आले, त्याचं काय करायचं?

आले कशाला म्हणते मी, आधीपासून तसेच होते. ताईला बघायला आले तेव्हा हातात पोह्यांची बशी आणि नजर भिंतीवरच्या फोटोवर. आमच्या आजोबांचा फोटो. म्हणाले, "तिरका लागलाय," आणि उठून सरळ केला. आमचे अण्णा खूश. "पोरगा टापटिपीचा आहे," म्हणाले. ताईकडं त्यांनी धड बघितलं तरी का, हे कुणी विचारलंच नाही. पाहुणे गेल्यावर मी फोटो होता तसा तिरका करून ठेवला.

रिटायर झाल्यावर दाजींना सुतारकामाचं वेड लागलं. आधी आम्हाला बरंच वाटलं. दाजी राहतात त्या प्राधिकरणातले बाकीचे रिटायर लोक बागेत बसून एकमेकांची शुगर विचारतात, हा माणूस हातानं काहीतरी करेल, घरात चार वस्तू होतील. कसल्या वस्तू आणि कसलं काय! फोनवर गोऱ्या लोकांचे व्हिडिओ बघायचे आणि हत्यारं मागवायची. तीही करवत, रंधा, पटाशी असली नव्हेत. मोजायची हत्यारं. जपानची पोलादी पट्टी. जर्मनीचा गुण्या, म्हणजे काटकोन बघायचं ते एल आकाराचं हत्यार. लाकडावर रेघ मारायला पितळी यंत्र, त्याला चष्म्याच्या दुकानात असतात तसले इवलेसे स्क्रू. पत्त्यांच्या कॅटासारखा पातळ पोलादी पट्ट्यांचा जुडगा, फट केवढी आहे ते बघायला. एक काळाभोर ग्रॅनाईटचा दगड, आरशासारखा घासलेला. ज्याच्यावर ठेवून सगळं मोजायचं तो हा दगड, आणि त्याच्यावर कुणी साधा पेला ठेवला की दाजी ओरडणार. किमती मी सांगत नाही, ताईनं शपथ घातलीय.

आणि इतक्या वर्षांत या हत्यारांनी केलं काय? तर हत्यारं ठेवायची पेटी. सागवानी, आत निळं मखमल. पुढच्या वर्षी त्याहून मोठी पेटी, कारण नवी हत्यारं पहिलीत मावेनात. ताईला देवघराला पाट हवा होता, तो अजून हवाच आहे.

घरात एसी एकच, बेडरूममध्ये. दाजींनी तिथं हत्यारं मांडली आणि लाकूडही तिथंच रचलं. कंपनीत जसं मोजायच्या आधी पार्ट थंड करायचे तसं फळ्या थंड करायला. एसी रात्रंदिवस चालू. ताईचे गुडघे आधीच दुखायचे, गारठ्यानं आणखी धरायला लागले, तेव्हा ती हॉलमध्ये दिवाणावर झोपायला लागली. म्हणजे खोलीत लाकूड एसीत आणि बायको हॉलमध्ये डासांत. मी म्हणाले, "दाजी, लाकडाला पांघरूण पण घाला की, सर्दी होईल." ते म्हणाले, "शालन, तुला यातलं कळत नाही." नाही कळत, बाई. कळून घ्यायचंही नाही.

तर गेल्या उन्हाळ्यात ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. वॉकर घेऊन ती घरी आली आणि पहिल्याच दिवशी वॉकर बाथरूमच्या दारात अडकला. दार अरुंद, त्यात खालून कुजलेलं, लोटलं की फरशीला घासायचं. संडास-बाथरूम घरात ते एकच. मी चिखलीहून आमच्या ओळखीच्या ज्ञानदेव मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी बघितलं आणि म्हणाले, "चौकट रुंद करू, फायबरचं दार लावू. परवा संध्याकाळी तुमचं काम झालेलं असंल."

दाजींना फायबर हा शब्द शिवीसारखा लागला. त्यांनी मिस्त्रींना बेडरूममध्ये नेलं, निळ्या मखमलीतून तो जर्मन गुण्या काढून दाखवला. मिस्त्रींचे डोळे चमकले, उगाच खोटं कशाला बोलू. म्हणाले, "वस्तू एक नंबर हाय, साहेब. जरा हातात देता का?" दाजींनी दिला नाही. उलट मिस्त्रींच्या पिशवीतला गंजका गुण्या मागून घेतला, दगडावर ठेवून आपल्या गुण्याला लावला आणि मधल्या फटीतला उजेड दाखवला. "बघा. तुमचा बाद आहे."

"असंल," मिस्त्री म्हणाले. "पण निम्म्या प्राधिकरणाची दारं याच्यावरच लागलीत."

"म्हणूनच निम्म्या प्राधिकरणाची दारं कुरकुरतात."

मिस्त्री हसले. माणूस दिलदार. जाताना दारात चप्पल घालता घालता म्हणाले, "लाकूडच लावणार असाल तर फट सोडा जरा. पाण्याची जागा हाय." दाजी म्हणाले, "फट म्हणजे न जमलेलं काम." झालं. दार आता ते स्वतः करणार होते, अस्सल सागवानी, बिनचूक.

गवंडी बोलावून जुनं दार आणि चौकट दुसऱ्याच दिवशी काढून टाकली. आणि तिथं लावला पडदा. जुनी चादर, निळ्या फुलांची. तिचा रॉड लावायला मात्र त्यांनी अर्धा दिवस घेतला. लेव्हल लावून, पेन्सिलनं खुणा करून. मला हाक मारून म्हणाले, "बघ, एक कणही कललेला नाही." मी रॉडकडं बघितलं नाही, चादरीकडं बघितलं. पंखा लावला की ती फडफडायची.

आता पुरुषांना हे सांगून कळतं का मला माहीत नाही, पण सांगते. हॉलला लागून बाथरूम, मध्ये एक चादर. ऑपरेशन झालेली बाई, पटकन उठता येत नाही, पटकन बसता येत नाही. हॉलमध्ये कोण ना कोण आलेलं. भेटायला शेजारी, चाकणहून जावई, गॅसवाला, दाजींचे कंपनीतले दोस्त. आतला आवाज बाहेर, बाहेरचा आत. माझी ताई दारात झाडतानासुद्धा डोक्यावरचा पदर ढळू न देणारी. तिला त्या चादरीआड बसवलं त्यांनी. एक आठवडा नाही, एक महिना नाही. सगळा पावसाळा.

दाजी रोज फळ्या मोजायचे. सकाळी मोजायचे, संध्याकाळी पुन्हा मोजायचे. एक फळी रेघभर वाकडी निघाली म्हणून परत केली. दुसरी आली, तिला पुन्हा एसीत मुरवली. ताईनं दोनदा विचारलं, "अहो, होईल का लवकर?" ते म्हणाले, "घाईतलं काम मी पास करत नाही, इंदू." जसं काही ती गिऱ्हाईक होती आणि तिनं ऑर्डर दिली होती.

श्रावणात एक दिवस मी गेले तर ताई तापलेली. अंग चटका बसेल असं. रिक्षात घालून डॉक्टरकडं नेलं. लघवीचं इन्फेक्शन. डॉक्टरीण म्हणाल्या, "पाणी किती पिता?" ताई पिशवीतून गोळ्यांची पाकिटं काढायला लागली. त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हा खाली मान घालून म्हणाली, "सकाळी घोटभर. गोळ्यांबरोबर." मी म्हणाले, "का गं?" तर माझ्याकडं न बघता म्हणाली, "सारखं जावं लागतं मग. घरात माणसं असतात."

मला तिथंच शिसारी आली. दाजींची, त्या दगडाची, त्या मखमलीची, सगळ्याची. तसंच घरी येऊन मी बेडरूमचं दार उघडलं. गार वारा अंगावर आला. दाजी फळीवर वाकून पितळी यंत्रानं रेघ ओढत होते. मी म्हणाले, "दाजी, ताईनं पाणी सोडलंय. तुमच्या दारापायी तिनं पाणी पिणं सोडलंय, ऐकताय का?" ते सरळ झाले, चष्मा वर केला आणि म्हणाले, "दार लावून घे, शालन. टेंपरेचर बिघडतं."

देवाशपथ सांगते, हेच म्हणाले.

मी ताईला म्हणाले, चल माझ्याकडं देहूरोडला. ती म्हणाली, "आता होत आलंय गं. एवढं करतायत माझ्यासाठी, मध्येच उठून गेले तर त्यांना काय वाटेल?" त्यांना काय वाटेल! या बाईचा जन्म त्या एका वाक्यात गेला. मी घरून पाणी उकळून, गार करून बाटल्या आणायला लागले, ती माझ्यासमोर दोन घोट प्यायची आणि मी गेले की झाकण लावायची.

घटस्थापनेला दार लागलं एकदाचं. आणि खोटं बोलणार नाही, दार सुंदर झालं होतं. उभ्या फळ्या अशा जोडलेल्या की सांधा नखाला लागेना. वॉकरला जागा व्हावी म्हणून बाहेर उघडणारं केलेलं. लोटलं की हवा दबल्यासारखा बारीक आवाज व्हायचा आणि बसायचं. दाजींनी त्या पातळ पट्ट्या काढल्या. "ही पट्टी जाते, हिच्यापेक्षा जाड जात नाही. दोन्ही अंगांनी आणि वर, सारखी." फक्त खाली, कडीच्या कोपऱ्यात, फरशीला उतार होता म्हणून बोटभर फट राहिली होती. तिथं दाजींनी फरशीला लाल स्टिकर लावला. कंपनीतनं आणलेला रोल अजून होता त्यांच्याकडं. दार पास, फरशी रिजेक्ट.

ताई आत गेली, कडी लावली आणि कितीतरी वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा डोळे ओले होते. मला म्हणाली, "शालन, कडी लावून बसले गं." मी त्या दिवशी दाजींना चक्क शिरा करून घातला.

पण लाकूड ते लाकूड. एवढे महिने एसीत सुकवलेलं, ते आणून ठेवलं कुठं, तर रोज दोन बादल्या कढत पाणी जिथं ओतलं जातं तिथं. वर परतीचा पाऊस, भिंतींना ओल. तिसऱ्या माळेला दार चिरकायला लागलं. पाचव्या माळेला ताई ते आतून खांद्यानं ढकलायला लागली. एका हातात वॉकर, नवा गुडघा आणि खांद्यानं दाराला धक्के. मी म्हणाले, "दाजी, ज्ञानदेव मिस्त्रींना बोलावते. रंध्याचे चार हात मारतील, सुटेल."

"माझ्या दाराला रंधा?" दाजींचा चेहरा असा झाला की जणू मी देवाला लाथ मारा म्हणाले. "दार बरोबर आहे. मापात आहे. चौकटीमागची भिंत ओल धरतेय." आणि भिंतीला एक लाल स्टिकर. "काढायचंच झालं तर आठवडाभर एसीत ठेवून, मोजून काढीन."

म्हणजे पुन्हा चादर. ताई घाईनं म्हणाली, "राहू दे, राहू दे. मी लावते जोर." तिनं पाणी पुन्हा कमी केलं, हे मला नंतर कळलं.

खंडेनवमी आली. कंपनीत त्या दिवशी मशिनींची पूजा असायची, तशी दाजी घरी हत्यारांची करतात. मोठ्या पेटीवर लाल कापड, त्यावर ओळीनं हत्यारं, प्रत्येकाला हळदकुंकू, झेंडूचं फूल. मधोमध तो जर्मन गुण्या, त्याला हार. पूजा हॉलमध्ये मांडली, कारण जुने दोस्त येणार होते दार बघायला. मुरारी म्हणून त्यांच्याच खोलीत काम केलेले एक आणि बाकीचे तीन-चार. मी स्वयंपाकाला आले होते. पाहुण्यांनी दार उघडून बघितलं, लावून बघितलं. मुरारीभाऊ एवढंच म्हणाले, "जरा टाइट नाही का, जयसिंग?" दाजी म्हणाले, "प्रिसिजन आहे ते."

आरतीच्या आधी ताई आत गेली. आरती झाली, प्रसाद वाटला, ताई दिसेना. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर बाथरूमच्या दारावर आतून टकटक. हळू. एका बोटानं वाजवल्यासारखी. हॉलमध्ये एवढी माणसं असताना मोठ्यानं हाक कशी मारायची म्हणून माझी ताई बोटानं दार वाजवत होती, आणि किती वेळ वाजवत होती देव जाणे.

मी दाराला कान लावला. "शालन," ती म्हणाली, "कडी काढली तरी उघडेना गं. पाय थरथरायला लागलाय. पडते की काय मी."

मी हँडल धरून ओढलं. ढिम्म. दाजींना हाक मारली. ते आले, पाहुणे आले. मुरारीभाऊंनी हँडलला हात घातला तर दाजी ओरडले, "ओढू नका! स्क्रू पितळी आहेत, निघतील." मग खाली बसले आणि खिशातून त्या पातळ पट्ट्या काढल्या. दाराच्या कडेनं एकेक घालून बघायला लागले, कुठं किती अडकलंय ते. एका पाहुण्यानं मोबाइलचा टॉर्च धरला. "वर जाते... इथं नाही जात... मधे पूर्ण चावलंय." दुसरा म्हणाला, "बिजागरीच्या साइडनं चेक कर." उकिडवे बसलेले हे सगळे, आणि लाकडाच्या पलीकडं माझ्या बहिणीचा श्वास मला ऐकू येत होता, फाटल्यासारखा.

"अहो," आतून ताई म्हणाली, "मोडा ना ते."

"एक मिनिट, इंदू. डॅमेज न होता निघेल."

माझं डोकंच फिरलं. मी वळले, पूजेतून तो गुण्या उचलला, हारासकट. "ताई, मागं सरक," म्हणाले. खालच्या कोपऱ्यात, लाल स्टिकरपाशी, ती बोटभर फट होती. त्यांच्या हातून राहिलेली एकमेव चूक. तिच्यात ते पातं खुपसलं, भिंतीला पाय लावला आणि अंगात होतं नव्हतं तेवढ्या जोरानं उचकटलं. दाजी "अगं, अगं" करत पुढं आले, तसं मी म्हणाले, "हात लावाल तर हाच डोक्यात घालीन." दार कडाडलं. एक ढलपी उडाली. दुसऱ्या हिसक्याला ते उघडलं आणि मी मागच्या मागं आपटले.

ताई कमोडच्या कडेला धरून कशीबशी उभी होती. पदर भिजलेला, चेहरा पांढराफटक. मी उठून तिला कवेत घेतलं. मुरारीभाऊंनी मान खाली घातली, वॉकर सरळ करून तिच्यापुढं ठेवला आणि बाकीच्यांना म्हणाले, "चला रे, बाहेर चला." तेवढी तरी माणुसकी.

आणि दाजी? दाजींनी फरशीवरचा गुण्या उचलला. त्याला लागलेली झेंडूची पाकळी काढली. डोळ्यासमोर धरून एक डोळा मिटून बघितलं आणि म्हणाले, "वाकला." मग तो घेऊन बेडरूममध्ये गेले, आणि आत दगडावर ठेवल्याचा आवाज आला. किती वाकला ते बघायला. बायको समोर उभी, पाय लटलटतायत, आणि हा माणूस गुण्या मोजायला गेला. इतक्या महागामोलाच्या हत्यारानं त्या घरात एकच उपयोगाचं काम केलं होतं, आणि ते त्यांना नुकसान वाटलं.

ताईनं बेडरूमच्या दाराकडं बघितलं. रडली नाही. मला म्हणाली, "शालन, ती चादर कुठं ठेवलीय गं?"

"कशाला?"

"पडदा लाव परत. तो बरा होता. उघडत तरी होता."

मी चादर काढली. तिच्यात ताईची चार लुगडी आणि औषधं बांधली, रिक्षा बोलावली आणि तिला देहूरोडला घेऊन आले. या वेळी त्यांना काय वाटेल, असं ती म्हणाली नाही.

दाजींचा फोन येतो अधूनमधून. गुण्या तपासून घ्यायला पुण्याला दिलाय म्हणाले. दार काढून एसीत ठेवलंय, भिंत सुकली की पुन्हा लावणार आहेत. "इंदूला सांग, या वेळी पक्कं बसेल." मी सांगितलं ताईला. ती मटार सोलत होती, सोलतच राहिली.

आमच्या बाथरूमचं दार फायबरचं आहे. तिरकं बसलंय, लावताना जरा उचलून लावावं लागतं, वरून बोटभर उजेड येतो. ताई जाते, उचलून लावते, कडी घालते आणि निवांत बसते. पहिले काही दिवस ती इथंही गोळ्यांपुरतं घोटभरच पाणी प्यायची, मी बोलले नाही. काल दुपारी जेवताना तांब्या रिकामा झाला. मी दुसऱ्या कामात होते. ताईनं तांब्या माझ्याकडं सरकवला आणि म्हणाली, "भरून आण गं, तहान लागलीय."